अंगावरून वारं गेल्यावर हात परत कसा येतो?

आमच्या आत्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, म्हणजे तिला पक्षाघात झाला, तेव्हा तिच्या लाख वातींपैकी ६१ हजार वळून झाल्या होत्या. हा आकडा तिनंच सांगितला, पण आजारानंतर चौथ्या महिन्यात. त्याआधी तिला आकडा जुळवून बोलता येत नव्हता.

दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "व्यायाम चालू ठेवा. मेंदू शिकतो." मेंदू शिकतो म्हणजे नेमकं काय करतो, हे विचारायला आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही. घरी आल्यावर मात्र ज्याला त्याला काही ना काही सुचलं. कुणी महानारायण तेलाची बाटली आणली, कुणी लकव्यावर हमखास औषध देणाऱ्या गावाचा पत्ता आणला, एका शेजाऱ्यांनी पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं आणि चुलतभावानं मोबाइलवर 'मेंदू नव्याने प्रोग्रॅम करा, फक्त २१ दिवसांत' असा व्हिडिओ दाखवला. आत्या खाटेवरून आळीपाळीनं सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती.

नंतरच्या वर्षभरात यावर जे वाचलं आणि जाणत्यांना विचारून घेतलं, ते इथे मांडते. आधी कळलं असतं तर आम्ही दोन-तीन गोष्टी वेगळ्या केल्या असत्या. त्यातली एक तर घरी आल्याच्या पहिल्या जेवणापासून.

वारं जातं कुठून?

'अंगावरून वारं जाणं' हा शब्दप्रयोग बोलायला छान आहे, पण त्यानं मोठा घोळ करून ठेवलाय. ऐकणाऱ्याला वाटतं, आजार अंगाला झाला. हात लुळा पडला म्हणजे बिघाड हातात; मग हात चोळा, शेका, ओढा. प्रत्यक्षात त्या हाताची हाडं, सांधे, स्नायू, नसा जागच्या जागी शाबूत असतात. बिघाड असतो डोक्यात, आणि तोही सहसा उलट्या बाजूला. उजवा हात गेला तर डावा मेंदू. कारण मेंदूतून हालचालीचे हुकूम घेऊन खाली उतरणारे बहुतेक तंतू मानेच्या जरा वर बाजू बदलतात. गावातली डीपी जळाल्यावर घरातला बल्ब कितीही पुसला तरी पेटत नाही, तसं हे.

मेंदूत दोनपैकी एक गोष्ट घडते. रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढच्या भागाचं रक्त तुटतं. जास्त रुग्ण याच प्रकारचे असतात. किंवा वाहिनी फुटून रक्त मेंदूतच सांडतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतला साधारण २० टक्के वाटा तो एकटा खातो, आणि साठवण जवळपास शून्य. रोज आणून रोज खाणारं बिऱ्हाड. पुरवठा तुटला की मिनिटांत उपासमार सुरू. जेफ्री सेव्हर या अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञांनी २००६ साली हिशेब मांडला: मोठी वाहिनी बंद पडली आणि उपचार झाले नाहीत, तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. मेंदूत एकूण पेशी ८,६०० कोटींच्या घरात असल्या तरी हा वेग भयंकर आहे.

जळालेलं रान, सुकलेलं रान

पाट फुटला की खालचं सगळं रान एकाच वेळी जळत नाही. ज्याला दुसरं पाणीच नाही ते आधी जातं. ज्याला शेजारच्या विहिरीचं थोडं पाणी मिळतं ते नुसतं सुकतं. पानं माना टाकतात, मुळं जिवंत असतात. पाणी वेळेत आलं तर ते पीक पुन्हा उभं राहतं. पक्षाघातात मेंदूचं तसंच होतं. मधला गाभा काही मिनिटांत मरतो आणि त्याभोवतीचा पट्टा अर्धपोटी तग धरून राहतो. डॉक्टर या पट्ट्याला पेनम्ब्रा म्हणतात, आणि पहिल्या काही तासांतली सगळी धावपळ त्याच्यासाठी असते.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या वाहिनीतली गुठळी जांघेतून नळी घालून ओढून काढता येते. निवडक रुग्णांत हे १६ ते २४ तासांपर्यंत करता येतं, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांनी दाखवलं. वाहिनी फुटली असेल तर मात्र तेच इंजेक्शन घात करतं, म्हणून आधी सीटी स्कॅन. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, दोन्ही हात वर धरायला सांगितल्यावर एक खाली आला, बोलणं बोबडं झालं, यातलं काहीही अचानक दिसलं तर १०८ ला फोन करायचा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं. ओळखीच्या डॉक्टरांकडे आधी 'दाखवून' यायचं नाही. आत्याला सकाळी हात जड वाटला तेव्हा तिला वाटलं, अंगाखाली आल्यानं मुंग्या आल्या असतील. आम्ही सात तासांनी पोहोचलो.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, मग माणूस सुधारतो कसा?

हा प्रश्न शंभर वर्षं शास्त्रज्ञांनाही अडवून बसला होता. चेतापेशींची चित्रं काढून १९०६ सालचं नोबेल मिळवणारे स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी १९१३-१४ च्या सुमारास लिहून ठेवलं की प्रौढ मेंदूतल्या वाटा ठरलेल्या, संपलेल्या, न बदलणाऱ्या असतात. तिथे सगळं मरू शकतं, नव्यानं काही उगवत नाही. पुढे त्यांनी असंही म्हटलं होतं की हा कठोर निवाडा शक्य झाल्यास बदलणं भविष्यातल्या विज्ञानाच्या हाती आहे. पण पहिलं वाक्यच पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलं गेलं.

पेशींपुरतं ते बरंचसं खरं ठरलं. मोठ्या माणसाच्या मेंदूत मेलेल्या पेशींच्या जागी कामाला येतील इतक्या नव्या पेशी उगवत नाहीत. बदलतात त्या पेशींमधल्या जोडण्या. अनुभवानुसार आणि वापरानुसार स्वतःच्या जोडण्या बदलण्याच्या मेंदूच्या या गुणाला न्यूरोप्लास्टिसिटी म्हणतात. मी यापुढे नुसतं 'घडणशीलता' म्हणेन. हा काही आजारात उघडणारा चोरकप्पा नव्हे. सायकल शिकताना, मोडी लिपी शिकताना, नव्या गावातले रस्ते लक्षात ठेवताना हेच चालू असतं.

पक्षाघातानंतर पहिल्या दिवसांत जी सुधारणा दिसते तिच्यात घडणशीलतेचा वाटा थोडा. तेव्हा सूज उतरत असते, सुकलेल्या पट्ट्यातला वाचलेला भाग सावरत असतो. शिवाय एक मजेशीर प्रकार घडतो. गल्लीत मयत झालं की ज्यांच्या घरचं कोणी गेलेलं नाही तेही दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतात. मेंदूत मेलेल्या भागाशी ज्यांचा रोजचा व्यवहार होता असे दूरचे, पूर्ण शाबूत भागही काही काळ मुके होतात. स्वित्झर्लंडमधले मेंदूतज्ज्ञ कॉन्स्टँटिन फॉन मोनाको यांनी १९१४ साली हे मांडलं. हळूहळू शटरं उघडतात आणि घरच्यांना वाटतं, चमत्कार झाला.

खरी फेरबांधणी त्यानंतर आठवडे, महिने चालते. माळशेज घाटात दरड कोसळली तर कल्याणहून नगरला जायचं थांबत नाही. कसाऱ्यावरून, नाहीतर पुण्यावरून वळसा घेता येतो. मेंदूतही एरवी न वापरलेल्या आडवाटा असतात. खाली उतरणाऱ्या तंतूंपैकी थोडे बाजू न बदलता त्याच बाजूला जातात, तेही काही अंशी कामाला येतात. जखमेच्या शेजारच्या पेशी नवे फाटे फोडतात. फक्त आडवाटेवर वाहनं गेली तरच ती वाट रुळते. कोणी गेलंच नाही तर पावसाळ्यात गवत माजतं.

पडीक रान शेजारी खातो

मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा नकाशा असतो. हाताच्या बोटांना, ओठांना, जिभेला त्यात भलीमोठी जागा, पाठीला जेमतेम. आपल्याकडे जमिनीचं जे होतं ते या नकाशाचंही होतं. भाऊ मुंबईला गेला, रान पडीक राहिलं, की दरवर्षी नांगरताना बांध वीतभर सरकतो.

अमेरिकेत मायकेल मर्झेनिक आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली हे माकडांत दाखवलं. बोट कापल्यावर मेंदूच्या नकाशातली त्या बोटाची जागा ओस पडली नाही. शेजारच्या बोटांनी ती वाटून घेतली. मग १९९६ मध्ये रँडॉल्फ न्यूडो यांच्या गटानं माकडांच्या मेंदूत हाताच्या भागाला मुद्दाम छोटी इजा केली. ज्यांना कसलाही सराव दिला नाही त्यांच्यात इजेलगतचा, मूळचा धडधाकट असलेला हाताचा भागही आकसला. ज्यांना बारीक खळग्यांतून खाऊ काढायचा सराव दिला त्यांच्यात तो टिकला, काहींमध्ये तर त्यानं खांद्या-कोपराच्या रानात पाय पसरले.

म्हणजे घडणशीलता ही आपोआप आपल्या बाजूनं लढणारी शक्ती नाही. ती दोन्हीकडून चालते. वापराल ते वाढतं, टाकाल ते जातं, आणि पक्षाघातानंतर टाकणं फार सोपं असतं.

न वापरायची सवय

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडा रेंगाळते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी माकडांच्या एका हाताच्या फक्त संवेदनेच्या नसा कापल्या. हालचालीच्या नसा शाबूत. तरी माकड तो हात वापरेना. वर्षानुवर्षं लोंबता ठेवी. मग टॉब यांनी चांगला हात बांधला, आणि माकड 'निकामी' हातानं खाऊ लागलं. हात हलू शकत होता. सुरुवातीच्या दिवसांत दोन-चारदा प्रयत्न फसला, दुसऱ्या हातानं काम भागलं आणि पहिल्याचा नाद सुटला. टॉब यांनी याला 'शिकून घेतलेला न-वापर' असं नाव दिलं. (या माकडांच्या हेळसांडीवरून १९८१ साली अमेरिकेत मोठं वादळ उठलं, टॉब यांच्यावर खटला झाला, शेवटी शिक्षा रद्द झाली. प्राणीहक्काच्या चळवळीत ते प्रकरण अजून निघतं, आणि निघायलाच हवं.)

माणसांवर याची कसोटी एक्साइट नावाच्या चाचणीत लागली. ती २००६ साली प्रसिद्ध झाली. पक्षाघाताला ३ ते ९ महिने झालेले २२२ रुग्ण. त्यांतल्या एका गटाच्या चांगल्या हातावर दोन आठवडे, जागेपणीचा ९० टक्के वेळ जाड हातमोजा, आणि दुर्बळ हाताला दिवसाचे सहा तासांपर्यंत काम. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा या गटाचा हात जास्त सुधारला आणि वर्षानंतरही तो फरक टिकला होता. हे सगळ्यांना लागू नाही. मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता यायला हवीत. पडण्याची भीती असलेल्याचा चांगला हात घरच्या घरी बांधून ठेवणं तर धोक्याचंच.

आता आमच्या घरी काय झालं ते सांगते. आत्या आली त्या दिवशी वहिनींनी मऊ भात कालवला आणि स्वतःच्या हातानं भरवला. सगळ्यांना भरून आलं. दुसऱ्या दिवशीही भरवला. पुढे वेणी घालणं, तोंड पुसणं, पांघरूण ओढणं, पाण्याचा पेला ओठाला लावणं. आत्यानं उजवा हात जरा उचलला की कोणीतरी म्हणायचं, "राहू द्या, तुम्ही कशाला त्रास घेता?" इतकी सेवा आमच्या घरात कधी कोणाची झाली नसेल. सहा आठवड्यांनी फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "हिचा हात तुम्ही सगळ्यांनी मिळून झोपवलाय." वहिनी रडल्या. बाईंनी त्यांना शेजारी बसवून दाखवलं: वाटी उजव्या हाताजवळ ठेवायची, लागलं तर कोपराला आधार द्यायचा, पण घास तिनं उचलायचा. अर्धा सांडेल, जेवण पाऊण तास चालेल. चालू द्यायचं.

मग मालिश, शेक, हात हलवून देणं हे सगळं वाया?

वाया नाही. दुसऱ्यानं हात हलवून दिल्यानं सांधे आखडत नाहीत. पक्षाघातानंतर खांदा धरतो तेव्हा जो त्रास होतो तो पाहिलेला माणूस हे हसण्यावारी नेणार नाही. तेल चोळल्यानं बरं वाटतं. पण त्या वेळी मेंदूत फारसं काही घडत नाही, कारण हुकूम रुग्णाच्या मेंदूतून निघालेला नसतो. १९४९ साली कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी मांडलेला नियम असा की ज्या पेशी एकत्र चेततात त्यांची जोडणी पक्की होते. रुग्ण टीव्ही बघत असताना कोणी त्याचा हात शंभर वेळा वर-खाली केला, तर व्यायाम करणाऱ्याचाच झाला. हात हललाच नाही तरी हलवायचा प्रयत्न करणं, त्या हाताकडे बघणं, हे जास्त मोलाचं. आणि दुर्बळ हाताला धरून रुग्णाला उठवायचं नाही. सैल पडलेला खांदा त्यानं निखळतो.

किती वेळा म्हणजे पुरे?

इथे आकडे डोळे उघडणारे आहेत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थेरपीची सत्रं प्रत्यक्ष बघून मोजणी केली. हातानं काहीतरी काम करण्याचा सराव ज्या सत्रांत होत होता, त्यांत तो सरासरी ३२ वेळा होत होता. ज्या प्राण्यांच्या मेंदूत बदल दिसले त्यांना दिवसाला ४०० ते ६०० वेळा सराव दिलेला होता. पेटीवर बत्तीस वेळा सारेगम वाजवून कोणी गाणं शिकत नाही.

शिवाय सराव कशाचा, हेही आहे. नुसता चेंडू दाबत बसण्यापेक्षा खरं काम मेंदूला जास्त पटतं: शेंगा फोडणं, मटार सोलणं, चिल्लर मोजून डब्यात टाकणं, शर्टाची बटणं. आधी सोपं, जमू लागलं की जरा अवघड. फारच सोपं असेल तर मेंदू लक्ष देत नाही, फारच अवघड असेल तर माणूस खचतो. खचण्याचं हलक्यात घेऊ नका. पक्षाघातानंतर तिघांतल्या साधारण एकाला नैराश्य येतं, आणि 'व्यायामाचा कंटाळा करतो' असं घरचे म्हणतात त्यामागे पुष्कळदा तेच असतं. त्यावर उपचार आहेत.

"मग पहिल्या दिवसापासूनच जोर लावू?" नाही. ॲव्हर्ट नावाच्या चाचणीत पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांपैकी अर्ध्यांना पहिल्या २४ तासांत उठवून पुष्कळ हिंडवायला सुरुवात केली. २०१५ साली निकाल आला: तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले त्यांच्यात ४६ टक्के, नेहमीच्या पद्धतीनं चाललेल्यांत ५० टक्के. ताज्या जखमेच्या मेंदूला घाई मानवली नाही. उठवायचं कधी, हे रुग्णालयातल्या लोकांना ठरवू द्यावं.

तीन महिन्यांनी दार बंद होतं का?

हे वाक्य प्रत्येक घरात पोहोचलेलं असतं: जे काय यायचं ते तीन महिन्यांत, नाहीतर सहा. पूर्ण खोटं नाही. इजेनंतर काही आठवडे मेंदूत वाढीशी संबंधित यंत्रणा जाग्या झालेल्या असतात, वाफशावर आलेल्या जमिनीसारख्या. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ७२ रुग्णांना वेगवेगळ्या टप्प्यांवर हाताचा २० तास जादा सराव दिला. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिलेल्या सरावाचा फायदा सगळ्यात जास्त. सहा महिन्यांनंतर तेवढ्याच २० तासांनी म्हणावा तसा फरक पडला नाही.

पण २० तास म्हणजे किती? लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये निक वॉर्ड यांच्या गटानं तीन आठवड्यांत ९० तासांचा कार्यक्रम चालवला. २०१९ साली त्यांनी २२४ रुग्णांचे निकाल मांडले. त्यांत निम्म्याहून जास्त लोकांना पक्षाघात होऊन दीड वर्ष किंवा अधिक झालं होतं, तरी हात सुधारले आणि सहा महिन्यांनंतरही सुधारणा टिकून होती. तुलनेला दुसरा गट नव्हता, ही त्यातली उणीव. माझा अंदाज असा की वाफसा गेल्यावरही जमीन नांगरता येते, बैलांना जोर जास्त लागतो.

आणि वय? १९५० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधले पेद्रो बाख-इ-रिता हे साठी ओलांडलेले प्राध्यापक पक्षाघातानं आडवे झाले. चालणं, बोलणं बंद. वैद्यकाचं शिक्षण घेणारा मुलगा जॉर्ज त्यांना घरी घेऊन गेला आणि अगदी तान्ह्या मुलापासून सुरुवात केली: आधी रांगणं, जमिनीवर गोट्या खेळणं, मग भांडी घासणं, दुर्बळ हात भांड्यात गोल गोल फिरवत. शेजारपाजारचे नावं ठेवत, म्हाताऱ्या प्रोफेसराला जनावरासारखं रांगवतो म्हणून. पेद्रो पुन्हा शिकवू लागले. काही वर्षांनी डोंगर चढताना हृदयविकारानं गेले. शवविच्छेदनात दिसलं की मेंदूच्या देठातली मूळची मोठी इजा तशीच होती, भरलेली नव्हती. दुसरा मुलगा पॉल यांनी पुढे सगळं आयुष्य घडणशीलतेच्या अभ्यासाला दिलं. एका माणसाच्या गोष्टीवरून नियम काढता येत नाही. तेवढी इजा असलेले बहुतेक लोक डोंगर चढत नाहीत.

नाव सांगता येईना, रामरक्षा मात्र खडखडीत

आत्याच्या बाबतीत आम्हाला सगळ्यात चक्रावणारी गोष्ट ही. "तुमचं नाव काय?" या प्रश्नावर तिच्या तोंडून "ते... ते..." एवढंच निघे. तिन्हीसांजेला वहिनींनी रामरक्षा सुरू केली आणि आत्या बरोबरीनं म्हणू लागली, न अडखळता. घरात कुजबुज झाली की ही नाटक करते.

नाटक नव्हतं. बहुतेकांचं बोलणं जुळवणारा भाग डाव्या मेंदूत असतो. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी 'टॅन' एवढंच बोलू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूवरून हे दाखवलं. पण पाठ झालेली स्तोत्रं, एक-दोन-तीन, गाणी, शिव्या या गोष्टी तेवढ्या एकाच भागावर विसंबून नसतात, उजवा मेंदूही त्यात असतो. याचाच वापर करून १९७३ साली बोस्टनमध्ये चालीवर बोलायला शिकवण्याची उपचारपद्धत निघाली. सराव केलेली वाक्यं त्यानं सुधारतात. मोकळ्या गप्पांपर्यंत ते दर वेळी पोहोचतंच असं नाही. आमच्याकडे "पाणी दे ना" हे अंगाईच्या चालीवर सुरू झालं.

उजवा मेंदू दुखावला तर वेगळंच होतं. काही रुग्णांच्या जगातून डावी बाजूच नाहीशी होते. डोळे नीट असूनही. ताटातली भाजी-आमटी संपते, डावीकडचं मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर जशीच्या तशी. सून विचारते, कोशिंबीर आवडली नाही का? त्यांना ती वाढलेलीच नसते, त्यांच्या दृष्टीनं.

पण शेजारच्या काकांना त्या गावच्या औषधानं गुण आला!

आला असेल, म्हणजे ते सुधारले असतील. पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक रुग्ण काही ना काही सुधारतातच. पाय साधारणपणे हाताच्या आधी सावरतो, म्हणून माणूस 'चालत घरी आला' हे दृश्य सर्रास दिसतं. या काळात जे कराल त्याला श्रेय मिळतं, मग ते पारव्याचं रक्त असो की सलाइन. औषधानं काय केलं हे कळायला औषध न घेतलेले तसेच रुग्ण शेजारी ठेवून बघावं लागतं. आणि हा नियम नुसत्या गावठी औषधाला लावून भागत नाही.

स्टेम सेलच्या, म्हणजे इतर पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशींच्या, जाहिराती बघा. भारतातच पाच केंद्रांवर १२० रुग्णांची चाचणी झाली. अस्थिमज्जेतल्या त्यांच्याच पेशी शिरेतून दिल्या; २०१४ साली निकाल आला की उपाय सुरक्षित होता, उपयोग काही झाला नाही. फ्लुऑक्सेटीन या नैराश्यावरच्या गोळीनं हात सुधारतो असं २०११ साली ११८ रुग्णांच्या फ्रेंच चाचणीत दिसलं होतं. मग तीन मोठ्या चाचण्यांत मिळून जवळपास ६,००० रुग्णांवर तपासलं. हातापायात, रोजच्या कामात फरक शून्य, हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र वाढलं. (नैराश्यासाठी ती दिली असेल तर मनानं बंद करू नका.)

आता माझ्याच म्हणण्याच्या आड येणारी गोष्ट. घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतले तर? भारतात १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर हे करून पाहिलं, चाचणीचं नाव अटेंड, निकाल २०१७. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले दोन्ही गटांत, म्हणजे घरच्यांनी व्यायाम करून घेतलेल्यांत आणि नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत, ४७ टक्के. म्हणजे घरच्यांना चार गोष्टी शिकवल्या की फिजिओथेरपिस्टची गरज संपली, असं नाही. छोट्या गावात हा निकाल वाचताना त्रास होतो, कारण तिथे दुसरं कोणी नसतं. मी त्यातून एवढंच घेते की वहिनी थेरपिस्ट होऊ शकत नाहीत. वाटी उजव्या हाताजवळ ठेवू शकतात.

आत्यानं अकराव्या महिन्यात कापूस मागितला. डाव्या तळव्यावर पेळू ठेवून उजव्या हाताच्या बोटांनी वळायचं, ते तिसऱ्या दिवशी जमलं. वात एका टोकाला जाड, दुसऱ्याला उलगडलेली. निरांजनात ती नीट उभी राहत नाही आणि तूप जास्त पिते. अशा वाती मोजणीत धरायच्या का, यावर घरात दोन तट पडले. भटजींना विचारू या, असं काका म्हणाले. आत्या म्हणाली, "धरायच्या." परवा फोन केला तेव्हा ६३ हजार ४०० झाल्या होत्या.